मौजीच्या खोलीचं तापमान

डिसेंबरच्या दहा तारखेला श्रीनगरच्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली, आणि बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारे मसूद कावूसा अडीच महिन्यांसाठी घरी बसले. त्यांची बायको रुकय्या बर्फाला घाबरत नसे, या सुट्टीला घाबरे. बर्फ पडणार असला तर रेडिओवर आधी सांगतात. मसूदसरांना काय सुचणार आहे, हे सांगणारं खातं अजून कोणी उघडलेलं नव्हतं.

यंदा मात्र सुचायला सबळ कारण होतं, आणि ते कारण मधल्या खोलीत कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीतली निखाऱ्यांची शेगडी, ढगळ लोकरी फिरनाच्या आत घेऊन बसलं होतं. मसूदसरांची आई, जिला घरचे आणि अख्खी गुलशन कॉलनी ‘मौजी’ म्हणत असे, दर हिवाळ्यात जम्मूला धाकट्या मुलाकडे, जहूरकडे जात असे. या वर्षी तिने नाही म्हणून सांगितलं.

“तिथे ऊन आहे,” ती फोनवर जहूरला म्हणाली, “पण उन्हाशी किती बोलू? तुझी बायको बँकेत, तू कचेरीत. शेजारीण दिसते ती गाडीच्या काचेतून. मागल्या वर्षी तीन महिन्यांत माझ्याशी सर्वांत जास्त कोण बोललं असेल, तर टीव्हीवरचा तो भूकंपाच्या बातम्या देणारा पोरगा.”

जहूरने फोन मोठ्या भावाकडे द्यायला सांगितला. “भाईजान, तिला इथे ठेवायची हौस मला नाही. पण मागे एकदा तिथे राहिली तेव्हा छातीत कफ झाला, आठ दिवस इस्पितळात होती. तुमच्याकडे दिवसातून आठ तास लाइट नसते. मी अठरा जानेवारीला कामासाठी वर येतोय. मौजीच्या खोलीत स्वेटर काढून जेवायला बसेन. हात थरथरला, तर परत येताना एक सीट तिची.”

“बस खुशाल,” मसूदसर म्हणाले. “घाम आला तर टॉवेल देईन.”

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीचं तापमान त्या क्षणी सात अंश होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून सुट्टीपुरता आणलेला तापमापक तसं सांगत होता, आणि तो चुकत नसे.

खोली कशाने तापवावी हा प्रश्न काश्मिरात खासगी राहत नाही. दुपारच्या नमाजानंतर पुरुष मंडळी मशिदीच्या हमामात, म्हणजे खालून लाकडं जाळून तापवलेल्या दगडी जमिनीवर, पाठ टेकून बसतात. गुलशन कॉलनीचं सगळं राज्य तिथून चालतं. मसूदसरांनी विषय काढताच कोणी जागेवरून न उठताच सात सल्ले मिळाले. एकाने लाकडं जाळायची पत्र्याची बुखारी सुचवली. दुसऱ्याने धुराने मौजीच्या छातीचं काय होईल ते सविस्तर वर्णन केलं. तिसरा जनरेटरच्या बाजूचा होता; त्याच्या मेहुण्याकडे जनरेटर होता आणि मेहुण्याला आता कानाशी ओरडलं तर ऐकू येत असे.

शेवटी हाजी समदजूंनी घसा साफ केला. फलोत्पादन खात्यातून निवृत्त झालेल्या समदजूंच्या घरी कॉलनीतला एकमेव खासगी हमाम होता, त्यामुळे उष्णता या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

“मास्टरजी, जमीन खणा. दगड बसवा. लाकडं टाका. बाकी सगळे खेळ आहेत.”

मसूदसरांना ‘मास्टरजी’ या हाकेचं फार वाईट वाटे. ते लेक्चरर होते, आणि ऑर्डरमध्ये तसं छापलेलं होतं. पण आठ वर्षांत कॉलनीने ती ऑर्डर पाहायला मागितली नव्हती.

“हाजीसाब,” ते म्हणाले, “हमाम म्हणजे दहा टन दगड तापवायचा, त्याने खोली तापवायची, खोलीने माणूस तापवायचा. हा उलटा रस्ता झाला. मी खोली तापवणार नाही. मी माणूस तापवणार.”

एकाने हळूच विचारलं, “भाजणार नाही ना?”

योजना साधी आणि मसूदसरांच्या ऐपतीतली होती. एक इन्व्हर्टर, दोन मोठ्या बॅटऱ्या. लाइट असेल तेव्हा बॅटऱ्या भरायच्या, लाइट गेली की त्यांच्यावर मौजीच्या अंथरुणात विजेचं ब्लँकेट आणि जेवणाच्या वेळी चारशे वॅटचा एक छोटा हीटर चालवायचा. खिडक्यांना बाहेरून दुहेरी प्लास्टिक. सरांनी चौकटीच्या वहीत सगळं मांडलं: किती वॅट, किती तास, भिंतीतून किती उष्णता जाते, दाराच्या फटीतून किती. दाराच्या फटीचं उत्तर पाहून ते स्वतः दचकले आणि रुकय्याची जुनी रजई कापून फटीत कोंबली. ती रजई जुनी नव्हती, एवढं रुकय्याने नंतर सांगितलं.

मौजीने योजना नीट ऐकून घेतली. “म्हणजे खोली गार राहू द्यायची आणि आपल्यापुरती ऊब जवळ घेऊन बसायचं.”

“बरोबर. हेच तत्त्व.”

“मग हे काय आहे?” तिने फिरन उचलून आतली कांगडी दाखवली. “याला वायर नाही एवढंच ना?”

मसूदसरांनी वहीत पुढचं पान उलटलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मसूदसर आकड्यांशी प्रामाणिक होते, आणि तो प्रामाणिकपणा त्यांनी वीज खात्याच्या कचेरीत नेला. घराला मंजूर झालेला वीजभार एक किलोवॅट होता. इन्व्हर्टर भरताना तो ओलांडणार होता. तेव्हा भार वाढवून घ्यावा म्हणून ते ओल्या बुटांनी तीन जिने चढून कारकुनासमोर उभे राहिले.

कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “तुमच्याविरुद्ध कोणी तक्रार केली आहे का?”

“नाही.”

“धाड पडली?”

“नाही.”

“मग आलात कशाला?”

“मी जास्त वीज वापरणार आहे. ते कळवायला.”

कारकुनाने चष्मा काढला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून सरांकडे पाहिलं, इस्पितळात दुर्मीळ आजाराच्या रोग्याकडे पाहतात तसं. अर्जात ‘भार वाढवण्याचं कारण’ असा रकाना होता, तिथे सरांनी ‘सचोटी’ असं लिहिलं होतं. कारकुनाने ते खोडलं. “हे कारण यादीत नाही. लग्न, दुकान, गिरणी, यातलं सांगा.” सरांनी गिरणी नाकारली. मग परवानाधारक ठेकेदाराचा दाखला, घराचा नकाशा आणि घरात बेकायदा हीटर नसल्याचं प्रतिज्ञापत्र, अशा तीन खेपा झाल्या. प्रतिज्ञापत्रावर सही करताना रुकय्याच्या न्हाणीतली पाणी तापवायची तारेची गुंडाळी त्यांना आठवली नाही. ती न्हाणीतलीच एक वस्तू झाली होती, बादलीसारखी.

चौथ्या दिवशी खात्याचं तपासणी पथक कॉलनीत आलं. पथक येणार हे लाइनमन अहदूने सकाळीच नानबाईच्या दुकानात रोटी घेताना सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे घरोघरच्या गुंडाळ्या केव्हाच गवताच्या गंजीत आणि तांदळाच्या पिंपात गेल्या होत्या. मसूदसर रोटी आणायला जात नसत, ते काम रुकय्याचं होतं, आणि रुकय्या त्या दिवशी सर्दीने झोपली होती. शिवाय पथकाकडे कॉलनीतल्या एकाच घराचा पत्ता नकाशासह होता. पथक थेट न्हाणीत गेलं.

जप्त केलेली गुंडाळी हातात धरून साहेब म्हणाले, “तुम्हीच सचोटीवाले ना?”

संध्याकाळी अहदू सांत्वनाला आला. “मास्टरजी, खात्याला कळवायचं नसतं. खात्याला मीटरवरून कळतं तेवढं पुरे असतं.”

असो. इन्व्हर्टर आला, बसला, आणि मान्य करायला हवं की चालला. चिल्लई कलान सुरू झाला होता, हिवाळ्याचे सर्वांत क्रूर चाळीस दिवस. नळ गोठले होते, ओलं फडकं वाळत घातलं की फळीसारखं उभं राहत होतं. आणि मौजीच्या खोलीत जेवणाच्या वेळी तापमापक चौदा दाखवत होता. मौजी ब्लँकेटवर पहिले दोन दिवस अंग चोरून बसली, तिसऱ्या दिवशी आडवी झाली, आणि चौथ्या दिवशी म्हणाली, “तुझ्या बापाला हे दाखवायला हवं होतं.” मसूदसरांना एवढं मोठं प्रमाणपत्र एम. एस्सी.लाही मिळालं नव्हतं.

कॉलनी पाहायला आली. हाजी समदजू स्वतः आले, ब्लँकेटखाली हात घालून बराच वेळ तसेच राहिले. मशिदीच्या हमामात मग सरांना मधली जागा मिळू लागली, जिथे दगड सर्वांत गरम असतो. तिथे बसून त्यांनी आठवडाभर व्याख्यानं दिली. कोणती बॅटरी, किती पाणी, कोणती वायर, सगळं लिहून दिलं. वर्गातली मुलं इतक्या मन लावून कधी ऐकत नसत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कॉलनीत एकतीस इन्व्हर्टर झाले. समदजूंनी दोन घेतले. एक त्यांच्या हमामातल्या दिव्यासाठी.

एकटा अहदू खूश नव्हता. “मास्टरजी, तुमचं मशीन लाइट आली की काय करतं?”

“बॅटरी भरून घेतं.”

“आणि समदजूंचं?”

“तेही.”

“लाइट सहाला येते. सहाला हीटर लागतात, गिझर लागतात, आणि वर ही एकतीस तोंडं एकदम उघडतात. मी परवा ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला हात लावला. चहाच्या समोवारसारखी तापली होती.”

मसूदसरांनी त्याला प्रत्यावर्ती प्रवाहातली भारक्षमता समजावून सांगितली. वीस मिनिटं लागली. अहदू शेवटपर्यंत उभा राहिला, कारण तो मुळात सभ्य होता. “हे सगळं तुम्ही ट्रान्सफॉर्मरला सांगितलंत तर बरं होईल,” एवढंच म्हणाला.

बारा जानेवारीला संध्याकाळी सहाला लाइट आली. सहा वाजून चार मिनिटांनी कोपऱ्यावर एक जाडजूड आवाज झाला, निळा उजेड पडला, आणि जळक्या तेलाचा वास सगळ्या कॉलनीत समान वाटला गेला.

ट्रान्सफॉर्मर जळाला की तो खांबावरून उतरवायचा, भाड्याच्या टेम्पोत घालायचा आणि दुरुस्तीच्या कारखान्यात नेऊन नंबर लावायचा, हे काम नियमात कोणाचं लिहिलं असेल ते असो, करते कॉलनी. सोबत एक जबाबदार माणूस लागतो. हमामात त्यावर चर्चा झालीच नाही.

“मास्टरजींना विजेतलं कळतं,” समदजू म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा त्या सर्वांत गरम दगडाकडे वळल्या.

पुढे चालकाशेजारी दोन माणसं आधीच बसली होती. लेक्चरर मसूद कावूसा उघड्या टेम्पोत ट्रान्सफॉर्मरला दोन्ही हातांनी मिठी मारून, भुरभुरत्या बर्फात, त्यांच्याच शाळेच्या फाटकासमोरून गेले. मिठी मारावी लागली, कारण दोर आखूड पडला होता.

कारखान्याच्या आवारात बेचाळीस ट्रान्सफॉर्मर आधीच आलेले होते. प्रत्येकाचा एकेक नातेवाईक शेकोटीभोवती बसलेला. “तुमचा कधी आला?” “काय झालं होतं?” “वय किती?” अशी विचारपूस चालली होती. खिडकीतला माणूस सांगे, तेल आलेलं नाही. तेल आलं तर तांब्याची तार आलेली नाही. जागचे हललात तर नंबर जाईल. सर रोज सकाळी सातला जात आणि अंधार पडल्यावर परत येत. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला लागला, चौथ्या दिवशी नाकाचा शेंडा जांभळा झाला, आणि त्या सगळ्या काळात एकच आकडा त्यांच्या डोक्यात फिरत होता: अठरा. घरी बॅटऱ्या रिकाम्या होत्या. मौजीच्या खोलीत, हिशेबाने, सहा अंश असणार होते. ते खोलीत जाऊन बघायचंही टाळत होते. घरी येताच स्वयंपाकघरात दोन घास खाऊन झोपत, आणि मौजीला काय तोंड दाखवायचं याचा विचार करत.

अठराला दुपारी नंबर लागला; उद्या घेऊन जा, म्हणाले. मसूदसर धावतपळत घरी आले तर दारात जहूरचे बूट होते. आणि त्यांच्याभोवती बायकांच्या चपला, बूट, गमबूट. त्यांनी सवयीने मोजले. एकोणीस जोड.

आत जहूर नुसत्या शर्टावर भात जेवत होता. कपाळावर खरंच घाम होता. खोली बायकांनी गच्च भरलेली, प्रत्येकीच्या फिरनात कांगडी, मध्ये मिठाच्या चहाचा समोवार, आणि गादीवर मौजी, गाल लाल झालेले.

“आला बघा,” मौजी म्हणाली, आणि सगळ्या गप्प झाल्या. कोणाविषयी बोलणं चाललं होतं ते विचारायची गरज नव्हती.

आमच्याकडे माणूस पन्नाशीचा झाला तरी त्याची तक्रार त्याच्या तोंडावर करत नाहीत, बायकोकडेही नाही, आईकडे करतात. ट्रान्सफॉर्मर जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी समदजूंची बायको हफीजा पहिल्यांदा आली होती. “मौजी, तुझ्या मुलाच्या नादी लागून आमच्याकडे दोन पेट्या आल्या आणि एक दिवा गेला.” मौजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बस, चहा घे. तो लहानपणीही असाच होता. घड्याळ उघडलं होतं, अजून परत जुळलेलं नाही.” हे इतकं चविष्ट होतं की हफीजाने दुसऱ्या दिवशी बहिणीला आणलं. मग कोणी गाजरं चिरायला घेऊन आली, कोणी विणकाम. तक्रार दहा मिनिटांची, बसणं चार तासांचं.

मसूदसर दारातच उभे राहिले. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट उष्णता देतो. एकोणीस बायका, एक मौजी, एक जहूर, वर तेवढ्याच कांगड्या. तीन किलोवॅटच्या वर गेलं. त्यांच्या इन्व्हर्टरला हे जन्मात जमलं नसतं. वहीत भिंती होत्या, खिडक्या होत्या, दाराची फट होती. माणसं मोजायची राहून गेली होती.

बायका गेल्यावर जहूर हात धुऊन म्हणाला, “आज ठीक आहे, भाईजान. पण हे रोजचं नाही. शुक्रवारी मी परत जातो, सुमोत दोन सीट सांगून ठेवल्यात. तोवर रोज इथेच जेवेन.”

रविवारी ट्रान्सफॉर्मर बसला. अहदूने खांबावरून खाली न उतरताच अट घातली: “एकही इन्व्हर्टर भरायचा नाही. दिसला तर तार काढून घरी जाईन.” सगळ्यांनी कबूल केलं. लाइट आली, घरोघर हीटर लागले, टीव्हीवरच्या मालिका सुरू झाल्या. मौजीकडे सोमवारी अकरा बायका आल्या, मंगळवारी चार. बुधवारी एकटी हफीजा आली, तीही समोवारची चाळणी परत न्यायला. तक्रारीचं कारणच उरलं नव्हतं. लाइट गेलेली होती, इन्व्हर्टर बंद होता, तापमापक आठ दाखवत होता. जहूर स्वेटर घालून जेवला. मौजीने त्याला न विचारताच आपली औषधं एका डब्यात भरायला घेतली. एकेक पुडी ती फार सावकाश ठेवत होती.

मसूदसर स्वयंपाकघरात गेले, वही उघडली आणि दोन तास लिहीत बसले. गुरुवारी दुपारी हमामात त्यांनी एक मोठा कागद भिंतीला चिकटवला. शाळेचं वेळापत्रक करतात तसा: एकतीस घरं, सात वार, प्रत्येक घराला इन्व्हर्टर भरायला ठरलेला दीड तास. एका वेळी चारापेक्षा जास्त नाहीत. अहदूने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, “हे चालेल. ट्रान्सफॉर्मरला झेपेल.” शास्त्रीयदृष्ट्या कागदात एकही चूक नव्हती.

“माझी पाळी पहाटे चारला?” हाजी समदजू म्हणाले.

“कोणाची तरी येणारच, हाजीसाब.”

“आणि मला शुक्रवारी, नमाजाच्या वेळेला?” दुसरा म्हणाला.

“मास्टरजी, हा कागद फाडा. तुमच्यामुळे आधीच काय कमी झालंय?”

“कागद बदलेल,” मसूदसर शांतपणे म्हणाले. “दर सोमवारी नव्या पाळ्या लागतील. तक्रारी असतील तर घरी सांगाव्यात.” मग ते सर्वांत गरम दगडावरून उठले आणि दाराजवळ, जिथे जमीन जवळजवळ गारच असते, तिथे जाऊन बसले. तिथेही लगतच्या माणसाने जरा अंतर ठेवलं.

चार वाजता हफीजा आली, कांगडीसह. साडेचारपर्यंत चपला जिन्यापर्यंत पोचल्या. जहूर ताट घेऊन बसला, थोड्या वेळाने त्याने स्वेटर काढला, मग मोजे. औषधांचा डबा समोवारमागे गेला होता, आणि तो काढायला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. शुक्रवारी सकाळी सुमोवाल्याने विचारलं, दुसरी सीट कोणाची. जहूरने तिच्यावर आपली बॅग ठेवली.

संध्याकाळी मसूदसर स्वयंपाकघरात, फिरन गुडघ्यांवर ओढून, पुढच्या सोमवारच्या पाळ्या मांडत होते. तिथे चार अंश होते. मधल्या खोलीतून समदजूंच्या हफीजाचा आवाज येत होता, आणि मग मौजीचा, मोकळ्या गळ्याने, खुलून, एकही धाप न लागता: “अगं, हे तर काहीच नाही. सातवीत असताना याने काय केलं होतं ते ऐक.”

रुकय्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. “पुढच्या आठवड्यात पहाटे चारला कोणाला घालताय?”

सर विचार करत होते. “वीस नंबरवाल्यांच्या तीन सुना आहेत ना,” ते म्हणाले, “त्या अजून एकदाही आल्या नाहीत.”